घोड्याच्या घरात घोडा

तुमच्या आईने तुम्हाला दाखवलेला फोटो माझ्याकडेही आहे. भोसरीचं मंगल कार्यालय, मागे लग्नाच्या स्टेजवर राहून गेलेली थर्माकोलची कमान, पुढे रांगेने मांडलेली टेबलं, आणि एका टेबलाशी मी, हातात काळा घोडा धरून. खाली कुणीतरी लिहिलं आहे, ‘आजींनी आठ चालींत डाव जिंकला’. त्यावर तुम्ही दोघांनी टाळ्यांची चित्रं पाठवलीत आणि मी काहीच उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, आजीला ते जमलं नसेल. जमलं असतं. पण त्या फोटोत मी हसते आहे ती डाव जिंकल्याच्या आनंदाने नव्हे.

काय झालं ते तुमच्या आईला मी सांगितलं आहे. ती तुम्हाला त्यातलं झेपेल तेवढंच सांगेल. तुम्ही आता अकरा आणि चौदा वर्षांचे आहात. सगळं माझ्याकडूनच कळावं असं मला वाटतं. क्रमाने लिहिते.

मी एकतीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात काम केलं. एखाद्या पार्टच्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला की नवी प्रिंट खाली शॉपवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्यांकडे, द्यायची आणि जुनी परत आणायची, मोजून. जुनीवर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायचा, रजिस्टरमध्ये सही घ्यायची आणि ती फाडायची. नवी प्रिंट द्यायची राहिली तर फारसं बिघडत नाही, कारण काम अडतं, आरडाओरड होते, लगेच कळतं. जुनी शॉपवर राहिली तर मात्र काही अडत नाही. मशीन चालत राहतं आणि जुना पार्ट बनत राहतो, मापात, सुबक. बनवणाऱ्याला वाटतं सगळं बरोबर चाललं आहे. एकतीस वर्षांत माझ्या नजरेतून एकच प्रिंट सुटली होती. लेथवरच्या एका टर्नरने ती लॉकरच्या दाराला आतून चिकटवली होती, देवाच्या फोटोखाली.

निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. या उन्हाळ्यात एका मंगळवारी मी कामावर गेले.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा तसंच लिहिलं आहे, कारण झालं ते एवढंच. सकाळी आंघोळ केली, दोन पोळ्या आणि दोडक्याची भाजी डब्यात भरली, चिंचवडच्या घराला कुलूप लावलं, बस पकडली, नेहमीच्या थांब्यावर उतरले आणि गेटपर्यंत चालत गेले. पूर्ण रस्ताभर मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट उशीर झाल्याची काळजी वाटत होती. गेट हिरवं असायचं, ते निळं दिसलं. आत स्टुलावर एक अनोळखी वॉचमन बसला होता.

“कोण पायजे, मावशी?”

“बाजूला व्हा,” मी म्हटलं. “पंच करायचंय. आधीच उशीर झालाय.”

“कसला पंच? पार्सलचं गोडाऊन हाय हे.”

मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. जिथे आमचा जिना होता तिथे छपरापर्यंत खोकी रचलेली होती. मग एकदम सगळं आठवलं. वर्कशॉप बंद पडलेलं, तुमचे आजोबा गेलेले, माझे केस पांढरे. त्या माणसाने स्टूल पुढे केलं आणि विचारलं, “पानी देऊ का? घरी कुनाला फोन लावायचा का?” मी नको म्हटलं आणि शक्य तितक्या ताठ चालीने परत फिरले. घरी येऊन तोच डबा उघडून जेवले, तो घासला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.

माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध दोनदा तापवायची, मग नवऱ्याला मेहुणा समजायला लागली. शेवटच्या दोन वर्षांत मी भेटायला गेले की ती उठून नमस्कार करायची आणि विचारायची, “आपण कुणाकडच्या?” फार अदबीने विचारायची. त्या अदबीची मला अजून भीती वाटते.

तुमच्या आईला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण पुढचं सगळं मला दिसत होतं. ती नोकरी टाकून धावत येणार. मग एक तर मी तुमच्याकडे परदेशात, जिथे खाली उतरून भाजी आणायची तरी गाडी लागते, किंवा तळेगावच्या एखाद्या वृद्धाश्रमात. दोन्हीकडे माझ्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात. म्हणून मी स्वतःशी एक सौदा केला. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ग्रुपवर भोसरीच्या बुद्धिबळ स्पर्धेची जाहिरात आली होती. एक दिवस, पाच फेऱ्या, कुठल्याही वयाला प्रवेश. मी नाव दिलं आणि वहीत लिहून ठेवलं: पाच डावांत एकदा जरी मी कुठे आहे हे सुटलं, तर त्याच संध्याकाळी लेकीला फोन. नाही सुटलं, तर तो मंगळवार उन्हाचा होता असं समजून गप्प बसायचं. खाली सही केली. हसू नका, सहीशिवाय मला काही खरं वाटत नाही.

आता बुद्धिबळाचं. मी ते दोनदा शिकले. पहिल्यांदा बार्शीला, माझ्या वडिलांकडून. ते कोर्टात टायपिस्ट होते आणि रविवारी दुपारी लाल-काळ्या कापडाचा पट अंथरून आम्हा बहिणींना खेळायला बसवायचे. ते देशी नियम होते. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. आणि प्यादं समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच व्हायचं: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा असेल तर वजिराच्या किंवा राजाच्या घरात जाऊन पोचायचं. जादा घोडा लागला तर वडील पानाच्या डब्यातली अख्खी सुपारी काढून पटावर ठेवायचे. तीच घोडा.

दुसऱ्यांदा शिकले ते तुमच्या आजोबांकडून, लग्नानंतर, तुम्ही खेळता त्या नियमांनी. त्यांत शेवटच्या ओळीत कुठेही पोचलं तरी हवं ते मोहरं मिळतं, आणि सगळे वजीरच घेतात. आजोबा कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होते. हळू बोलायचे आणि पटावर मात्र अंगावर जायचे. काळ्या मोहऱ्या आल्या की त्यांची एकच ठरलेली सुरुवात असे. समोरच्याने एक प्यादं फुकट देऊ केलं की ते घ्यायचं नाही. उलट आपलं एक प्यादं त्याच्यासमोर ठेवायचं. म्हणायचे, “त्याने आपल्याला जेवायला बोलावलंय ना? मग आपण त्याच्या आधी ताट वाढायचं. गोंधळतो.” फार धारदार सुरुवात आहे ती. सावध माणसाने खेळू नये. मी सावध आहे, पण मला येते ती तेवढीच, म्हणून स्पर्धेआधी तीन आठवडे आजोबांचं पुस्तक काढून तिचा अभ्यास केला, वहीत टिपणं काढून.

स्पर्धेच्या दिवशी पहिले तीन डाव कसेबसे झाले. एक हरले, एक जिंकले, एक बरोबरीत सुटला. निकालाकडे माझं लक्षच नव्हतं. मी स्वतःवर पाळत ठेवून बसले होते. या स्पर्धेत चाली लिहायची सक्ती नव्हती, तरी मी लिहीत होते, आणि प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी लिहीत होते: भोसरी. शनिवार. अमुक फेरी. चाल झाली की डोळे तिकडे जायचे. भोसरी, शनिवार, ठीक. पाण्याचा घोट घेतला तरी भीती, की ग्लास खाली ठेवेपर्यंत आपण दुसरीकडे नाही ना गेलो. घरात शिरलेल्या सापाला शोधताना माणूस जसा प्रत्येक उशी हळूच उचलतो, तशी मी प्रत्येक क्षण उचलून पाहत होते.

चौथ्या फेरीला समोर आले ते चाकणजवळच्या एका गावचे गृहस्थ. पन्नाशीचे, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये कामाला; पाळी करून घरी न जाता थेट आले होते. खिशाला ओळखपत्र तसंच लटकत होतं. बसता बसता त्यांनी दोन्ही हात जोडले.

“आज्जी, आमी पारावर शिकलेलो हाय. काय चुकलं तर पदरात घ्या.”

“मीही घरातच शिकले.”

“मंग जमलं. दोघंबी बिनसर्टिफिकेटचे.” पटावरच्या मोहऱ्या नीट करत ते म्हणाले, “आमच्या आईएवढ्या तुमी. तुमाला हरवायला जीव व्हत न्हाई बघा.”

“मग हरा.”

“तेवढाबी जीव न्हाई, आज्जी!”

पंच म्हणून काम करणारी मुलगी आमच्या रांगेत फिरत होती. कॉलेजातली असावी, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. ती म्हणाली, “काका, गप्पा डावानंतर.” त्यांनी जीभ चावली आणि घड्याळ सुरू झालं.

त्यांच्या पांढऱ्या मोहऱ्या, माझ्या काळ्या. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मीही. मग त्यांनी शेजारचं, उंटापुढचं प्यादं माझ्या तोंडाशी आणून ठेवलं: घ्या. मी ते घेतलं नाही. राजापुढचं माझं प्यादं त्यांच्या तोंडाशी ठेवलं: तुम्हीच घ्या. त्यांनी भुवया उंचावल्या आणि ते खाल्लं. माझं मधलं प्यादं आणखी एक घर आत घुसलं. त्याला हाकलायला त्यांनी राजापुढचं प्यादं एक घर पुढे केलं, आणि इथे मला आजोबांचा आवाज अगदी स्पष्ट आठवला: “घाई करणारा इथे सापडतो.” पण पुढे काय ते आठवेना. ते काय म्हणायचे, पुस्तकात काय होतं, काही म्हणजे काही नाही. पाटी धुऊन ठेवावी तशी जागा कोरी.

मी कागदाच्या कोपऱ्यात पाहिलं. भोसरी, शनिवार, चौथी फेरी. ठीक. म्हणजे विसरले ते पुस्तक, जागा नाही. एवढं चालेल, सौद्यात हे नव्हतं, असं स्वतःला समजावलं आणि एकेक चाल स्वतः शोधायला लागले. उंटाने शह दिला. त्यांनी मध्ये आपला उंट घातला. मी माझा उंट मरायला सोडला आणि प्याद्याने प्यादं खाल्लं. त्यांनी उंट उचलला, मोठ्या समाधानाने. मग माझ्या प्याद्याने आणखी एक प्यादं खाल्लं आणि त्यांच्या राजाला शह दिला. राजाने ते प्यादं खाल्लं असतं तर त्यांचा वजीर उघडा पडला असता, म्हणून राजाला एक घर पुढे यावं लागलं. आता माझं प्यादं शेवटच्या ओळीच्या उंबऱ्यावर होतं आणि तिरकं समोर, त्याच्या घरात, त्यांचा घोडा उभा होता.

तो घोडा खायचा हे मला कळलं. मी प्यादं उचललं, पांढरा घोडा बाजूला काढला. लग्नाच्या टेबलांवर घालतात तसं लाल कापड त्या टेबलावर होतं. माझ्या मनगटाखाली त्याची घडी आली आणि मी सवयीने ती नीट केली.

त्यानंतर काय झालं ते मी जेवढं खरं लिहिता येईल तेवढं लिहिते. घाबरणं थांबलं. एकदम हलकं वाटलं. मी डाव्या हाताने टेबलाच्या कडेला चाचपडायला लागले.

“आजी, काय शोधताय?” पंच मुलीने घड्याळ थांबवून विचारलं.

मी सुपारी शोधत होते. डबा नेहमी डाव्या हाताला असायचा. पण तोंडातून आलं ते, “घोडा. घोडा द्या एक.”

“वजीर आहे की इथे, जादाचा.” तिने पटाशेजारी ठेवलेला काळा वजीर पुढे सरकवला. “घोडे तुमचे दोन्ही पटावरच आहेत.”

“आज्जी, वजीर घ्या, वजीर!” समोरचे गृहस्थ न राहवून म्हणाले. “घोडं काय वरातीला पायजे का?”

मला त्या दोघांचा राग आला. इतकं साधं कसं कळत नाही यांना? मी म्हटलं, “घोड्याच्या घरात वजीर कसा होईल?”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. समोरचे गृहस्थही हसले, पण मध्येच थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मुलीने दुसऱ्या एका संचातून काळा घोडा आणून माझ्या हातात दिला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला तो तेव्हाचा. मी घोडा त्या घरात ठेवला. पत्र्याच्या छपरावर दुपारचं ऊन आवाज करत होतं, आणि तो आवाज बार्शीच्या घराचा होता.

“घड्याळ सुरू करते हं,” मुलगी म्हणाली.

त्या बटणाच्या खटक्याने मी परत आले. वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली आहेत. इथे घर कुणाचंही असलं तरी वजीर मागता येतो. मी वजीर सोडून घोडा मागितला आहे, आणि तो परत घेता येत नाही. उठून निघून जावं असं वाटलं.

मग पटाकडे पाहिलं. घोड्याने राजाला शह दिला होता. त्या शहाकडे मी पाहिलंच नव्हतं. वजीर केला असता तर शह नव्हता. त्यांनी आधी पटावरचा माझा वजीर खाल्ला असता आणि मागोमाग हत्तीने नवाही. आता त्यांना आधी शह चुकवणं भाग होतं. त्यांनी हत्तीने घोडा खाल्ला. मी दुसरा उंट बाहेर काढून शह दिला. राजाच्या बरोबर मागे त्यांचा वजीर होता. ही उंटाची चाल मात्र मी डोळे उघडे ठेवून केली, एवढं लिहू द्या. राजा हलला की वजीर जाणार. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि हात पुढे केला.

“आज्जी,” ते म्हणाले, “घोड्यावरनं आलात आन् उडवलंत की आमाला.”

पंच मुलगी वाकून विचारत होती, “आजी, हा सापळा तुम्हाला आधीपासून माहीत होता?”

“हो,” मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चटकन खोटं कधी बोलले नसेन.

जेवणाच्या रांगेत माझं वाक्य माझ्याआधीच पोचलं होतं. अनोळखी लोक एकमेकांना सांगत होते, “घोड्याच्या घरात वजीर कसा होईल!” आणि माझ्याकडे पाहून मान डोलवत होते. काय आजी आहेत, काय टोला हाणला. ताटात पुलाव आणि बुंदी होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि हिशेब मांडायला लागले. जागा सुटली होती का? फार तर अर्धा मिनिट. आणि चाल तर बरोबर निघाली. चूक बरोबर निघाली तर ती चूक धरायची का?

ते चाकणचे गृहस्थ ताट घेऊन शेजारी येऊन बसले. थोडा वेळ जेवले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आज्जी, राग मानू नका. ती चाल बगून केली, का पारावरच्या नियमानं?”

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

“आमचा चुलता आजून तसंच खेळतो,” ते म्हणाले. “घोड्याच्या घरात घोडं, हत्तीच्या घरात हत्ती. तुमी बोलला तवा मला वाटलं, चुलताच बोलला. बाकीची हसली. त्यांना काय ठावं.”

तीन महिन्यांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी त्या अनोळखी माणसाला सांगितली. “नियमाने,” मी म्हटलं. “मला वाटलं मी वडिलांच्या घरी आहे.”

त्यांनी बुंदीची वाटी खाली ठेवली. “आमच्या बापाचं बी असंच हाय. बैलं इकून पंधरा वर्सं झाली. गोठ्याच्या खोल्या काडल्या, कंपनीतले भाडेकरू ऱ्हात्यात. तरी सांच्याला वैरणीची पेंडी घेऊन जातो आन् दार वाजवतो. ती बिचारी दार उघडून पेंडी घेत्यात हातातनं. ‘ठेवतो बाबा,’ म्हनत्यात.”

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“लई उशिरा. आमाला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय हाय, दुसरं काय. येवस्थित चालतोय, बोलतोय, पेंडी बी झ्याक बांधतो.” मग म्हणाले, “घरी ठावं हाय का?”

“नाही.”

“मंग सांगा, आज्जी. डाव तुमी जिंकला, त्यो जिंकलाच. पन सांगा.”

पाचवी फेरी मी खेळले नाही. दमले म्हणून पंच मुलीला सांगितलं. त्या गृहस्थांनी मला बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, “चिंचवडला उतरवा हो!” मला त्याची लाज वाटली, आणि बरंही वाटलं. उतरेपर्यंत मी तिकीट मुठीत धरून ठेवलं होतं.

एवढं होऊनही घरी पोचेपर्यंत माझा सौदा पुन्हा सुरू झाला होता. नियम विसरणं म्हणजे जागा विसरणं नव्हे. वय झालं की लहानपण वर येतंच. चहा ठेवला आणि डाव नीट उतरवून काढावा म्हणून अभ्यासाची वही उघडली.

अकराव्या पानावर तो डाव होता. तोच, चालीमागून चाल, शेवटच्या उंटाच्या शहापर्यंत. घोड्याच्या चालीखाली पट्टी धरून दोन रेघा मारलेल्या आणि समासात लिहिलेलं: ‘इथे वजीर करू नये. घोडाच. महत्त्वाचं.’ अक्षर माझं. तारीख स्पर्धेच्या दोन आठवडे आधीची. मला ते पान लिहिल्याचं आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी चहा गाळला, परत येऊन पाहिलं, पान तिथेच होतं.

म्हणजे नवी प्रिंट माझ्या हाताने काढलेली होती, सहीशिक्क्यासह, आणि ती शॉपवर पोचलीच नव्हती. तिथे अजून बार्शीची होती. पार्ट योगायोगाने जुळला, एवढंच. ते वॉचमनचं स्टूल, तो डबा, ती सुपारी, सगळं एका ओळीत उभं राहिलं.

मग तुमच्या आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“आई! पाहिला फोटो! मुलं घरी नाचत होती. काय गं, आठ चालींत?”

“ऐक. आधी बस.”

“गाडी चालवतेय, बसलेलीच आहे.”

“मग गाडी बाजूला लाव.”

इंडिकेटरचा टिकटिक आवाज मला ऐकू आला, मग तोही थांबला. “आई, काय झालं?” ती एकदम लहानपणच्या आवाजात म्हणाली. मी मंगळवारपासून सुरुवात केली. ती मध्ये एकदाच बोलली. मी गेटवर काय म्हणाले ते ऐकून ती म्हणाली, “तीन महिने? तीन महिने तू मला रोज भाजी काय केली ते सांगत होतीस!” तिचा राग खरा होता. मला तो ऐकून घेणं प्राप्तच होतं.

आता पुढचं थोडक्यात. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. वजाबाकी बरोबर आली. तीन शब्दांतला एक हरवला, आणि कुठला ते मी अजून रात्रंदिवस शोधते आहे. आणखी तपासण्या व्हायच्या आहेत. तुमची आई पुढच्या महिन्यात येते आहे. दाराची एक किल्ली मी समोरच्या बाईंकडे दिली. देताना हात सुटत नव्हता, त्याच म्हणाल्या, “अहो, सोडा की.” मला भीती वाटते. सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी मी आधी जागा म्हणते: चिंचवड. मग वार म्हणते. मग उठते.

तुमच्याकडून मला एकच काम हवं आहे. रविवारी आपण कॉलवर खेळतो, तसेच खेळत राहू. खेळताना माझं प्यादं तुमच्या शेवटच्या ओळीत पोचलं आणि मी काही भलतं मागितलं, तर हसू नका. लगेच दुरुस्तही करू नका. चाल बरोबर निघाली तरी सोडून देऊ नका. विचारा, “आजी, कुणाच्या घरचे नियम?”

मी ‘आजोबांच्या’ म्हणाले तर खेळ पुढे चालू ठेवा. मी ‘बार्शीच्या’ म्हणाले तर तारीख लिहून ठेवा आणि आईला सांगा, माझ्यासमोर, मोठ्याने. त्यासाठी थोरल्याने एक वही करावी. पहिल्या पानावर तुम्ही दोघांनी सही करायची, आणि मला फोटो पाठवायचा.